माळा, बावखल आणि मंगलोरी कौलं

विरारला पश्चिमेला उतरल्यावर आगाशीची बस कुठे लागते हे सकाळी उशिरा विचारावं लागत नाही. मुंबईत फुलं, भाजी, केळी विकून परतलेल्या बायका रिकाम्या पाट्या घेऊन जिथे उभ्या असतात तिथे आपणही उभं राहायचं. पहाटेच्या गाडीने भरलेली पाटी जाते आणि उन्हं वर येता येता रिकामी परत येते. हा रिवाज आजचा नाही. विरार ते बॅकबे ही मुंबईची पहिली उपनगरी गाडी १२ एप्रिल १८६७ला सुटली. विजेची गाडी विरारपर्यंत यायला १९३६ साल उजाडलं. वसईच्या पट्ट्यातली विड्याची पानं, केळी, फुलं याच रुळांवरून मुंबईला गेली आणि त्यांचे पैसे याच रुळांवरून गावात आले. मी निघाले होते जुनी घरं बघायला. पण त्या घरांवरच्या कौलांचा आणि आतल्या लाद्यांचा खर्च निघाला तो या गाडीतूनच, तेव्हा सुरुवात इथूनच करायला हवी.

बोळींजपर्यंत बस टॉवरांच्या मधून जाते. खिडकीतून आकाश दिसायचं असेल तर मान वाकडी करावी लागते. बोळींज मागे पडलं की रस्ता अरुंद होतो, नारळ दिसू लागतात, एखाद्या कुंपणाआड केळीची पानं हलतात आणि हवा थोडी ओली लागते. विरार स्थानकापासून आगाशी जेमतेम पाच किलोमीटर. अर्ध्या तासात चाळपेठेच्या नाक्यावर उतरलं की समोर बाजार, जवळच मुनिसुव्रत स्वामींचं जैन तीर्थ, आणि चारी दिशांना वाड्यांत शिरणाऱ्या गल्ल्या. इथे वाडी म्हणजे बागायत. वस्ती त्या बागायतीच्या पोटात असते.

निमित्त मात्र इंग्लंडचं होतं. ऑक्सफर्डशायरमध्ये थेम्स नदीच्या काठी केल्म्स्कॉट मॅनर नावाचं घर आहे. नाव मोठं, पण मुळात ते शेतकऱ्याचं घर. साधारण १५७०च्या सुमारास बांधलेलं, शंभरेक वर्षांनी वाढवलेलं. विल्यम मॉरिस या कवी-कारागिराने ते १८७१मध्ये भाड्याने घेतलं. त्या घरावरच्या दगडी कौलांनी तो हरखून गेला होता. वळचणीला सगळ्यात मोठी कौलं, वर आढ्याकडे जाताना ती लहान लहान होत गेलेली. पुढे १८७७मध्ये त्याने आणि वास्तुविशारद फिलिप वेब यांनी मिळून जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी एक संस्था काढली. तिचं म्हणणं सोपं होतं: जुनी इमारत खरवडून ‘मूळ रूपात’ आणू नका, ती गळत असेल तर गळती थांबवा, आणि मागच्या पिढ्यांनी केलेले बदल हाही इमारतीचाच भाग माना. त्या घराबद्दल वाचताना मला राहून राहून वसई दिसत होती. शेतकऱ्याच्या घरात फेरफार का होतात, कुठल्या क्रमाने होतात, हे बघायला थेम्सपर्यंत जायची गरज काय? पश्चिम रेल्वेचं तिकीट पुरेसं होतं.

आधी थोडा इतिहास, कारण इथल्या भिंतींना तो चिकटलेला आहे. आगाशी सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला गुजरातच्या सुलतानाच्या अमलातलं बंदर होतं आणि जहाजबांधणीसाठी नावाजलेलं होतं. १५३४च्या तहाने वसई पोर्तुगिजांना मिळाली. त्याच्या आधीच त्यांनी आगाशी लुटून जाळलं होतं. पुढची दोनशे वर्षं त्यांची. १७३७मध्ये मराठ्यांची मोहीम सुरू झाली, १७३९च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला आणि या भागाचा कारभार शंकराजी केशव फडके यांच्याकडे आला. आगाशीचं भवानीशंकराचं देऊळ आणि त्याच्यापुढचं तळं पाहताना गावकरी त्यांचंच नाव घेतात. देऊळ जरूर बघावं, तळ्याच्या पायऱ्यांवर थोडं बसावंही. पण देवळं आणि किल्ले बघणारे पुष्कळ आहेत. मला वाडीतल्या घरात जायचं होतं.

ओळखीतून ओळख काढत एका वाडवळ कुटुंबाच्या घरी पोचले. कुंपणाला मेंदी, फाटकाशी सोनचाफा, आणि आत शिरल्यावर आधी अंगण, मग घर. घराच्या आजींनी ‘बसा’ म्हणायच्या आधी ‘चहा की कोकम’ विचारलं. त्यांचा मुलगा वाडी बघतो आणि नोकरीही करतो. आणखी एक गृहस्थ ओटीवर बसले होते. ते मेस्त्री निघाले, छपराचं काम सांगायला बोलावलेले. माझं नशीब जोरावर होतं. जुन्या घराबद्दल घरमालकाला जे माहीत नसतं ते मेस्त्रीला माहीत असतं, आणि मेस्त्री जे बोलत नाही ते आजी बोलतात.

“घर किती मोठं?” असं विचारलं तर मुलाने चौरस फूट सांगितले. मेस्त्री म्हणाले, “पाच खणांचं.” दोन खांबांमधलं अंतर म्हणजे खण. जुनं घर खणांनीच मोजायचं, कारण लाकूड जेवढा पल्ला झेपवेल तेवढाच खण. गंमत म्हणजे जुन्या इंग्लिश दस्तऐवजांतही शेतकऱ्याचं घर असंच नोंदवलेलं असतं, तीन खणी, चार खणी. तिथे ओकचं लाकूड, इथे सागाचं. लाकडाने घराचं माप ठरवण्याचा कायदा दोन्हीकडे एकच. इथला साग पूर्वेकडच्या डोंगरांतून येई. वैतरणेच्या खाडीतून मनोरच्या बाजूने होड्या चालत, त्यामुळे जड लाकूड आणणं फार अवघड नव्हतं. सगळंच काही सागाचं नसे. मागच्या पडवीचे वासे मेस्त्रींनी नखाने खरवडून दाखवले: जुन्या ताडाचे, काळे, तंतूंनी भरलेले. “याच्यात खिळा ठोकून बघा,” ते म्हणाले. मी बघितला नाही, त्यांच्या चेहऱ्यावरूनच उत्तर कळलं.

घराची मांडणी सरळ. दगडी जोतं कमरेला लागेल इतकं उंच, कारण इथे पाऊस दोन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि वाडीत पाणी तुंबतं. पुढे ओटी, मग माजघर, त्याच्या एका अंगाला देवघर आणि दुसऱ्या अंगाला बाळंतिणीची म्हणून ओळखली जाणारी अंधारी खोली, मागे स्वयंपाकघर, त्याला लागून पडवी, न्हाणी, विहीर. वर कडीपाटाचं छत आणि त्यावर माळा. छपराची उतरण पुष्कळ तीव्र, वळचण इतकी खाली आलेली की उंच माणसाने ओटीवर चढताना वाकायचंच. पश्चिमेच्या बाजूला खिडक्या लहान आणि थोड्या, कारण पावसाची झड तिकडूनच येते. आजी सांगत होत्या की पूर्वी ज्येष्ठात ओटीच्या त्या अंगाला नारळाच्या झावळ्यांची विणलेली झापं बांधत आणि दिवाळीच्या आधी सोडत. आता तिथे निळं प्लॅस्टिक लागतं आणि वर्षभर राहतं.

इथवर सगळं ‘जुनं’ वाटत होतं. पण थोडा वेळ मान वर करून बसलं की एकेक बदल उलगडायला लागतो.

कौलांपासून सुरू करू. आज छपरावर दिसतात ती मंगलोरी. बाझल मिशनने मंगलोरला कौलांचा कारखाना १८६५मध्ये काढला आणि तिथली चपटी, एकमेकांत अडकणारी कौलं किनाऱ्याने वर सरकत कोकणात, मुंबईत, वसईत पोचली. त्याआधी इथे गावच्या कुंभाराची नळीची कौलं होती. ती एकावर एक नुसती ठेवलेली असत. मांजर फिरलं, कावळा बसला, वारा सुटला की सरकत. म्हणून दर वैशाखात घर शाकारावं लागे. मंगलोरी कौल आलं आणि दरवर्षीचा तो व्याप सुटला. पण नव्या कौलाला रीप ठरावीक अंतरावरच लागते, नळीच्या कौलासारखं वाकड्यातिकड्या वाशावर ते बसत नाही. म्हणजे कौल बदलायचं तर रिपा बदलायच्या, रिपा बदलायच्या तर वासे एका पातळीत आणायचे. मेस्त्रींनी माळ्यावरून बॅटरी मारून दाखवलं: काही वाशांच्या पाठीवर लाकडाच्या पट्ट्या ठोकून उंची सारखी केलेली. छपराचा मूळ सांगाडा जुना, त्याची पाठ नंतरची. एकाही कागदावर ही नोंद नाही, पण त्या पट्ट्या आहेत तोवर ती पुसलीही जात नाही. मेस्त्रींनी एक कौल काढून उलटं करून दिलं. पोटाशी कारखान्याचा शिक्का होता, अर्धा शेवाळाने खाल्लेला.

मॉरिसला आवडली असती का ही कौलं? बहुधा नाही. सगळी एका मापाची, यंत्रातून निघालेली. पण शाकारणीचे दिवस ज्यांनी काढले त्यांच्याकडे मॉरिसच्या आवडीचं फारसं कौतुक नसावं, आणि मला ते पटतं.

भिंतींची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. घराच्या मागच्या भागातली एक आडभिंत अजून कुडाची आहे. कारवीच्या काठ्या, वरून शेणमातीचा लेप. इंग्लंडातल्या जुन्या शेतघरांत हेच सापडतं, फक्त कारवीऐवजी हेझलच्या फांद्या आणि मातीत पेंढा. शेण दोन्हीकडे. पुढच्या भिंती विटांच्या, चुन्यात रचलेल्या. या मुलखाला वीट नवी नाही. इथून थोड्याच अंतरावर सोपाऱ्याला बुरूड राजाचा कोट म्हणत त्या टेकाडात भगवानलाल इंद्रजींनी १८८२मध्ये विटांचा स्तूप उघडा केला होता. पण साध्या बागायतदाराच्या घराला वीट परवडायला लागली ती बऱ्याच नंतर, हाती रोख पैसा आल्यावर. चुना या किनाऱ्यावर शिंपले भाजूनही करत. तो भिजवून, मुरवून, घाणीत मळून वापरायचा. वेळ खाणारं काम, पण या चुन्याची भिंत खाऱ्या हवेत शंभर वर्षं उभी राहते. कारण ती ओल आत घेते आणि उन्हाळ्यात बाहेर टाकते.

आणि इथेच या घराचं खरं नुकसान झालेलं आहे. माजघराच्या बाहेरच्या भिंतीला कधीतरी सिमेंटचा गिलावा केला. दिसायला भिंत गुळगुळीत झाली. पण सिमेंट ओल बाहेर सोडत नाही. जोत्यातून चढलेलं पाणी भिंतीत अडकलं, त्याच्यातलं मीठ विटेच्या पृष्ठभागाशी साचलं, आणि वीट आतल्या आत भुगा होऊ लागली. मेस्त्रींनी किल्लीच्या टोकाने गिलाव्यावर टकटक केलं. एका जागी भरीव आवाज, हातभर पलीकडे पोकळ. तिथला पोपडा त्यांनी अलगद उचलला आणि मागून लाल भुकटी सांडली, जवळजवळ ओंजळभर. दोन हातांवर, जिथे जुना चुना तसाच राहिला होता, तिथली वीट धडधाकट होती. एकाच भिंतीची, एकाच वयाची. जोसेफ अ‍ॅस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट १८२४मध्ये इंग्लंडात घेतलं, आणि तिथल्या जुन्या दगडी-विटांच्या घरांनाही त्याच सिमेंटने नेमकं हेच केलेलं आहे. लोक स्लॅबला शिव्या देतात. माझ्या मते स्लॅब निदान उघड उघड शत्रू आहे. हा गिलावा मात्र दुरुस्ती म्हणून घरात शिरतो.

ओटी पूर्वी उघडी होती. लाकडी खांब, खाली बसायला कट्टा, टांगलेला झोपाळा. आता तिला लोखंडी जाळी आहे. शहर जवळ आलं, ओळख नसलेली माणसं गल्लीतून जायला लागली, आणि जाळी बसली. जाळीच्या आत टीव्ही आला, मुलांचं अभ्यासाचं टेबल आलं. ओटी ही गावाची अर्धी जागा होती, ती पूर्ण घराची झाली. पण माजघरात लाद्या बघायला थांबलेच. फुलाफुलांच्या सिमेंटच्या लाद्या, तांबड्या-काळ्या-पांढऱ्या. मुंबईत भारत टाइल्सचा कारखाना १९२२मध्ये निघाल्यानंतर अशा देशी लाद्यांची चाल मध्यमवर्गी घरांत पसरली. या नेमक्या कुणाच्या हे लादी उपटल्याशिवाय सांगता येणार नाही, आणि उपटू द्यायला आजी तयार नव्हत्या. बाकीच्या खोल्यांतली शेणाची जमीन जाऊन आधी शहाबादी फरशी आली, अलीकडे चकचकीत व्हिट्रिफाइड. पावसात तिच्यावरून घसरून घरात एकाचा पाय मोडला होता, म्हणून आता त्यावर गोणपाट अंथरलेलं. दहा हजारांची फरशी आणि वर पाच रुपयांचं गोणपाट, असं आजींनीच सांगितलं आणि स्वतःच हसल्या.

मला सगळ्यात जास्त रस होता स्वयंपाकघराच्या वरच्या माळ्यात. शिडी उभी, पायऱ्या मधोमध झिजलेल्या. वर गेल्यावर डोळे सरावायला वेळ लागला. मग दिसलं की माळ्याच्या पुढच्या भागातले वासे तपकिरी आहेत, आणि मागचे, चुलीवरचे, डांबरासारखे काळे. बोट फिरवलं तर काजळी नव्हे, एक कडक चकचकीत थर.

इंग्लंडमध्ये इमारतींचे अभ्यासक छपरात शिरतात ते नेमका हाच काळा थर शोधायला. तिथलं मध्ययुगीन शेतघर म्हणजे एक मोठी, आढ्यापर्यंत मोकळी खोली. मधोमध उघडी शेगडी, धूर छपरातून जाईल तसा जाईल. सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेतकऱ्यांच्या हाती पैसा आला. त्यांनी विटांचं धुराडं बांधलं, धुराची अडचण गेली, मग वर मजला टाकता आला, झोपायच्या खोल्या झाल्या, खिडक्यांना काच आली. डब्ल्यू. जी. हॉस्किन्स या इतिहासकाराने १९५३मध्ये या काळाला, साधारण १५७० ते १६४०ला, ग्रामीण इंग्लंडच्या पुनर्बांधणीचा काळ म्हटलं. बाहेरून घर एकदम नवं वाटलं तरी छपरातले वासे काळे निघाले की समजायचं, आत त्याहून जुनं घर आहे.

आगाशीत धुराडं आलंच नाही. इथे चूल गेली आणि गॅस आला. म्हणजे जो बदल त्यांच्याकडे बांधकामाने झाला तो आपल्याकडे सिलिंडरने झाला, आणि एका पिढीत झाला. उभ्याने स्वयंपाक करायचा ओटा आला, त्याच्यासाठी खिडकी मोठी केली, आणि आजींच्या सुनेची कमर वाचली. त्यात वाईट काही नाही. पण एक गोष्ट कुणाच्या लक्षात आली नव्हती. चुलीचा धूर वाशांना किडीपासून राखत होता. धूर थांबला आणि काही वर्षांत भुंगा लागला. मेस्त्रींनी माळ्यावरच्या फळीवर पडलेला पिवळसर भुसा फुंकरीने उडवला. “रोज थोडा थोडा पडतो,” ते म्हणाले. काळ्या थराखालचे वासे अजून टणक होते. भुंगा लागला होता तो नंतर बदललेल्या पांढऱ्या लाकडाला, ज्याने धूर कधी बघितलाच नाही.

“माळा कशाला लागायचा एवढा मोठा?” मी विचारलं.

“केळ्यांना,” आजी म्हणाल्या, जणू यात विचारायचं काय.

वसईची राजेळी केळी. पिकवायची, सोलायची, अंगणात मांडवावर उन्हात टाकायची, रात्री दव लागू नये म्हणून उचलून ठेवायची, पुन्हा सकाळी पसरायची. आठवडाभराने ती आक्रसून मधाच्या रंगाची होतात, मग केळीच्या सुक्या पानात बांधायची. ही सुकेळी. आगाशीची सुकेळी जिल्ह्यात उत्तम, अशी नोंद एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी गॅझेटियरमध्येही आहे. आता परत घराकडे बघा. अंगण एवढं मोकळं आणि झाडाच्या सावलीपासून दूर का? उन्हासाठी. माळा उबदार आणि कोरडा का? पिकवायला, साठवायला. स्वयंपाकघर माळ्याच्या खाली का? तीच ऊब. मागचं दार एवढं रुंद का? घड खांद्यावर घेऊन माणूस आत यायचा. म्हणजे हे घर राहायची जागा जितकी होती तितकाच केळ्यांचा कारखाना. राजेळीची लागवड कमी झाली, सुकेळी करणारी घरं हाताच्या बोटांवर आली, आणि घराच्या जवळजवळ अर्ध्या भागाला कामच उरलं नाही. आज माळ्यावर जुनी पंखा-पाती, दोन सुटकेसा, गणपतीच्या मखराचा थर्मोकोल आणि मोडका पाळणा आहे. स्टाइल बदलली म्हणून अशी घरं पडत नाहीत. खोल्यांचं काम संपतं, मग त्यांच्यावर खर्च करायला कुणाला कारण सापडत नाही.

मागच्या दाराने वाडीत उतरलो. वीसेक पावलांवर बावखल. वसईच्या बागायतीतली ही खास चीज: जमिनीत खणलेलं लहानसं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, मुरतं, विहिरीला पुरतं आणि समुद्राचं खारं पाणी आत सरकू देत नाही. घराच्या भिंतींची माती आणि जोत्याची भर अशाच खणण्यातून आल्याचं मुलगा सांगत होता. खड्ड्यातून घर, आणि त्याच खड्ड्यात पाणी. पूर्वी रहाटाने शिंपणं चाले, पुढे मोटर आली. मोटर खोल जाऊन ओढते, म्हणून उपसा वाढला आणि वाडीच्या पश्चिमेकडच्या विहिरी मचूळ झाल्या. शेजारची दोन बावखलं भरून तिथे आता गाड्या लागतात. गेल्या काही पावसाळ्यांत पाणी या घराच्या अंगणापर्यंत येतं, जोत्याच्या दुसऱ्या दगडाला लागतं. ते जुनं जोतं कमरेइतकं उंच का, याचं उत्तर पुन्हा एकदा उपयोगी पडायला लागलं आहे.

शेजारच्या आळीत ख्रिस्ती कुटुंबांची घरं आहेत. बाहेर क्रूस, आत देवघराच्या जागी वेदी, भिंतींना निळा किंवा पिवळा रंग, कमानीवर थोडं नक्षीकाम. मांडणी मात्र तीच: ओटी, मधलं घर, मागे रांधप, वर माळा. मी आधी पोर्तुगीज वारसा शोधत होते, गोव्यासारखा काहीतरी. गोव्यातल्या मोठ्या घरांत असतात तशा शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या, बसायला बालकांव. इथे तसं फारसं नाही. गोव्यातली ती घरं जमीनदारांची, ही स्वतःच्या हाताने शिंपणं करणाऱ्यांची. दोन शेजाऱ्यांचा धर्म वेगळा असला तरी पीक एक, पाऊस एक, मेस्त्रीही बहुतेकदा एक, त्यामुळे घर एक. पलीकडे नंदाखाल. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिथले. वाड्या आणि बावखलं वाचवण्यासाठी हरित वसईची चळवळ त्यांनी उभी केली, त्या वेळी प्रश्न जमिनीचा आणि पाण्याचा होता. घरं त्यात ओघानेच आली, कारण वाडी गेल्यावर घराला अर्थ उरत नाही हे इथे सगळ्यांनाच ठाऊक आहे.

वसई-विरार महानगरपालिका २००९मध्ये झाली, त्यात ही गावं ओढली गेली. पालघर जिल्हा २०१४चा. वसईचा किल्ला आणि अर्नाळ्याचा जलदुर्ग केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. मुंबईने वारसा इमारतींसाठी स्वतंत्र नियम १९९५मध्ये केले. पण बागायतदाराचं पाच खणांचं घर अशा यादीत सहसा बसत नाही. इंग्लंडमध्ये १९४७च्या नगररचना कायद्यानंतर याद्या झाल्या. १७०० सालाआधीची आणि बऱ्यापैकी मूळ स्थितीत असलेली इमारत तिथे जवळजवळ आपोआप यादीत जाते, मग ती गोठा का असेना. तिथे यादीतल्या घराची खिडकी बदलायलाही परवानगी लागते, आणि ते मालकाला जाचतंही. आपल्याकडे जाच नाही, पण आधारही नाही. आपल्याकडे घराचं भवितव्य ठरवतो सातबारा. चार भावांची नावं लागली की घराच्या मधोमध भिंत येते, ती भिंत खणाचा विचार करत नाही. या घरातही माजघराला अशी एक भिंत आहे, तुळईच्या बरोबर खाली न येता वीतभर बाजूला. पलीकडच्या भावाने त्याच्या अर्ध्यावरचं छप्पर काढून स्लॅब टाकला, आणि दोन छपरांच्या सांध्यातून दर पावसात दोन्हीकडे गळतं. गळतीवरून भावांचं बोलणं बंद नाही, उलट वर्षातून एकदा त्यामुळेच बोलतात.

दुपारनंतर अर्नाळ्याला गेले. आगाशीहून रस्ता सरळ किनाऱ्याला जातो, तिथून होडीने बेटावर. किल्ल्याचं मूळ गुजरातच्या सुलतानांपर्यंत जातं, मराठ्यांनी तो १७३७मध्ये घेतला आणि नव्याने बांधला. दरवाज्यावरच्या शिलालेखात बाजीराव आणि शंकराजी दोघांची नावं आहेत. आत गोड्या पाण्याचं अष्टकोनी तळं आहे, चारी बाजूंना खारा समुद्र असताना. तटाच्या आत त्र्यंबकेश्वराचं देऊळ, भाजीचे वाफे, आणि तटाबाहेर कोळ्यांची वस्ती. तटाच्या सांध्यांत मी चुना शोधला आणि तो सापडला, शिंपल्यांचे बारके पांढरे तुकडे दिसणारा. जिथे अलीकडे सिमेंटने सांधे भरले आहेत तिथे दगडाची कड सुटायला लागलेली. राजाचा तट असो की बागायतदाराची भिंत, समुद्राच्या वाऱ्यापुढे दोघांचं दुखणं सारखं.

परतताना चाळपेठेत उतरून आजींचा निरोप घ्यायला गेले, तर ओटीवर बैठक बसलेली. मुलाचा बेत असा: मागचं स्वयंपाकघर पाडून तिथे स्लॅबच्या दोन खोल्या, पुढचा भाग कौलारू ठेवायचा. मेस्त्रींचं म्हणणं वेगळं. मागचेच वासे सगळ्यात चांगले आहेत, काळे, न किडलेले. पाडायचंच तर पुढचं पाडा, आणि मागचं निघालंच तर ते वासे पुढे वापरा. मुलगा म्हणाला, पुढची बाजू रस्त्यावरून दिसते. आजी म्हणाल्या, रस्त्याला काय करायचं आहे, राहायचं आपल्याला आहे. सिमेंटचा गिलावा काढून चुना करायचा खर्च किती, हेही निघालं. चुना मळणारा माणूस मेस्त्रींच्या ओळखीचा एकच आहे, आणि त्याला देवळांची कामं पुरतात. मुलाने कागदावर आकडे मांडले, खोडले, परत मांडले. शेवटी फोनमध्ये मांडले.

मेस्त्री पायांत चपला सरकवत उठले. “जे ठरवायचं ते फाल्गुनाच्या आत ठरवा. एकदा वैशाख लागला की मी कुणाला सापडत नाही. अख्ख्या आगाशीची कौलं माझ्या डोक्यावर असतात.”